गायरानाला राखणदार हवा

गायरान कुणी घशात घातलं, असं कोल्हापूरकडच्या कुठल्याही पारावर विचारा. बोट शेजारच्याकडे जाईल. माझ्या मते उत्तर गोठ्यात आहे. 1963 साली गोकुळ दूध संघ उभा राहिला आणि पुढे घरोघरी संकरित गाई, मुऱ्हा म्हशी आल्या. ही जनावरं माळावर हिंडत नाहीत. दावणीलाच उसाचं वाडं आणि पेंड खातात. डेअरीच्या दुधानं घरं उभी राहिली हे खरंच, पण गुराखी संपला आणि गायरानाचा बिनपगारी राखणदारही गेला. माळाची नड उरली ती मेंढरामागं फिरणाऱ्या धनगराला. ग्रामसभेत त्याचं ऐकतं कोण?

कायद्यात सोय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 22 खाली गुरचरण, सरपण, स्मशान, खळं, बाजार अशा कामांसाठी सरकारी जमीन राखून ठेवता येते. मालकी शासनाची, देखरेख ग्रामपंचायतीची. देखरेख तेवढी होत नाही.

28 जानेवारी 2011 ला पंजाबातल्या एका गावतळ्याच्या वादात (जगपाल सिंग खटला) सर्वोच्च न्यायालयानं सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याची योजना आखा, असं सगळ्या राज्यांना बजावलं. शाळा, दवाखाना किंवा भूमिहीनांना रीतसर दिलेली जमीन यांना मात्र अपवाद ठेवला. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हा विषय निघाला तेव्हा राज्यातली अतिक्रमणं 2 लाख 22 हजारांवर असल्याचं समोर आलं. नोटिसांच्या धास्तीनं कोल्हापुरात लोक रस्त्यावर उतरले.

त्यांचा राग चुकीचा नव्हता. गावठाण पुरेना म्हणून दोन खोल्या बांधलेला मजूर आणि माळ नांगरून ऊस लावणारा बागायतदार यांना एकाच तराजूत तोलायचं, हा कसला न्याय? पहिल्याला कायद्यानं जागा द्यावी, दुसऱ्याकडून जमीन परत घ्यावी. हे सांगायला न्यायालय कशाला, गावाला ठाऊक असतंच. बोलायचं धाडस नसतं.

आता सौरऊर्जा प्रकल्पांसाठीही गायरानं मागितली जातायत. वीज हवीच, पण ठराव करण्याआधी त्या माळावर कुणाची मेंढरं चरतात, पावसाचं पाणी कुठल्या विहिरीला मुरतं, एवढं तरी बघायला हवं.

येत्या ग्रामसभेला जाताना आपल्या गायरानाचा सातबारा आणि गटाचा नकाशा काढून घेऊन जा. क्षेत्र किती आणि शिल्लक किती, हे तलाठ्याला सगळ्यांसमोर विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.