ग्रंथपालाचे मेज आणि औषधाचे वेष्टन

शास्त्रोक्त औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्यांच्या यादीजवळ एक छोटीशी ओळ छापलेली असते. तीत ग्रंथाचे नाव असते, आणि निर्माता काटेकोर असेल तर त्यातील अधिकरणही. रुग्ण ती ओळ वाचत नाही आणि आपल्यापैकी बहुतेकांचीही नजर तिच्यावरून घसरून जाते. तथापि औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यामध्ये १९६४ साली आयुर्वेदीय औषधांविषयीचे प्रकरण समाविष्ट झाल्यापासून शास्त्रोक्त औषधाची व्याख्याच पहिल्या परिशिष्टातील प्रमाणग्रंथांवर उभी आहे. नियम १६१ अन्वये निर्मितीविधीचा ग्रंथोक्त संदर्भ वेष्टनावर देणे बंधनकारक आहे. आता प्रश्न असा की, ही ओळ छापण्यापूर्वी तो ग्रंथ कोणी तरी उघडून पाहतो काय? पाहायचे ठरविले तर तो कोठे मिळतो? पुष्कळदा याचे उत्तर एकच असते : जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाचे ग्रंथालय, आणि तेथील ग्रंथपाल.

या व्यक्तीचे काम आपल्या व्यवसायबंधूंना फारसे ठाऊक नाही. पुस्तके देणे, परत घेणे, उशीर झाल्यास दंड आकारणे, वाचनकक्षात बोलणाऱ्यांना गप्प करणे एवढेच ते असावे असा समज आहे. दिवसाचा पुष्कळसा भाग या देवघेवीत जातो हे खरेच. सकाळी कुलूप उघडल्यावर वृत्तपत्रे व नियतकालिके नोंदवायची, आदल्या दिवशी परत आलेली पुस्तके जागेवर लावायची. मग तासांच्या मधल्या सुटीत विद्यार्थ्यांची झुंबड उडते, आणि परीक्षा जवळ आली की शारीर व द्रव्यगुणाच्या प्रतींसाठी अक्षरशः रांग लागते. परंतु ही कामे साहाय्यकही करू शकतो. ग्रंथपालाची विद्या दिसते ती त्यामागच्या कामात.

नव्याने आलेले पुस्तक दाखलनोंदवहीत नोंदविले की त्याला वर्गांक द्यावा लागतो, आणि येथेच आयुर्वेदाच्या ग्रंथपालापुढे पहिला पेच उभा राहतो. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी ड्यूईची दशांश पद्धती अमेरिकेत जन्मली. तीत आयुर्वेदाला ६१५.५३८ हा अंक आहे, होमिओपॅथीच्या ६१५.५३२ या अंकापासून थोड्याच अंतरावरचा, उपचारपद्धतींच्या रांगेतला एक. हा नियम अक्षरशः पाळला तर चरक, सुश्रुत, रसतरंगिणी, निघंटू आणि पंचकर्माची पुस्तके अशी सगळी एकाच अंकाखाली गोळा होतील व दहा हजार ग्रंथांचे ग्रंथालय एका दशांशात मावेल. डॉ. रंगनाथन यांच्या द्विबिंदू पद्धतीत मात्र वैद्यकाच्या ‘एल’ या वर्गाखाली आयुर्वेदाला ‘एलबी’ असे स्वतंत्र स्थान आहे आणि त्यापुढे अवयव, व्याधी, उपचार असे पैलू जोडत जाता येतात. ती आपल्या विषयाला अधिक मानवते असे आमचे मत आहे. तिचा प्रसार झाला नाही. मग व्यवहारात ग्रंथपाल काय करतात? ड्यूईचा अंक कायम ठेवून त्यापुढे संहिता, रसशास्त्र, कायचिकित्सा अशा विभागांची स्वतःची खूण जोडतात. ही खूण कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. ग्रंथालयागणिक ती बदलते आणि ग्रंथपाल निवृत्त झाले की तिचा उलगडा करणारा उरत नाही.

तालिकाकरणाचे काम याहून नाजूक. चरकसंहितेचा कर्ता कोण लिहावा? उपदेश आत्रेयांचा, रचना अग्निवेशाची, प्रतिसंस्कार चरकाचा, पूर्ती दृढबलाची, आयुर्वेददीपिका टीका चक्रपाणिदत्ताची आणि निर्णयसागर आवृत्तीचे संपादन यादवजी त्रिकमजी आचार्यांचे. यांतील कोणत्याही नावाने वाचक पुस्तक मागू शकतो, म्हणून प्रत्येक नावाची नोंद हवी. जुन्या मुद्रितांवर विक्रम संवत् किंवा शक असतो; संवतातून ५७ वजा करून आणि शकात ७८ मिळवून इसवी सन काढावा लागतो, आणि वर्षारंभाजवळचे पुस्तक असेल तर एका वर्षाचा फरकही लक्षात घ्यावा लागतो. पुनर्मुद्रणांचा प्रकार तर वेगळाच आहे. निर्णयसागरची १९४१ सालची चरकसंहिता पुढे जशीच्या तशी पुन्हा छापली गेली. शीर्षकपानावर वर्ष नवे, आतील पाने जुनीच. जाणता ग्रंथपाल अशा प्रतीच्या नोंदीत मूळ आवृत्तीचे वर्ष आवर्जून लिहितो, त्यामुळे प्रबंधात १९४१ ची प्रत म्हणून दिलेला पृष्ठांक नव्या पुस्तकातही शोधता येतो.

आता वेष्टनावरील त्या ओळीकडे वळू. फार्मसीकडून विचारणा येते ती साधारणपणे अशी : ‘अमुक योगाचा पाठ कोठे आहे?’ ग्रंथपाल प्रथम रसयोगसागर किंवा भारत-भैषज्य-रत्नाकर काढतात, कारण दोहोंत योगांची मांडणी अकारादि क्रमाने केलेली आहे. भारत-भैषज्य-रत्नाकराच्या पाच भागांत योगासोबत आधारग्रंथाची संक्षिप्त अक्षरे दिलेली असतात. ‘यो. र.’ म्हणजे योगरत्नाकर आणि ‘वृं. मा.’ म्हणजे वृंदमाधव हे सहज कळते, पण ‘र. र.’, ‘र. र. स.’, ‘र. रा. सुं.’ ही मंडळी एकमेकांच्या अंगावर येतात आणि प्रत्येक वेळी प्रारंभीची संक्षेपसूची उघडावी लागते. आपल्या ग्रंथकारांना ‘रत्नाकर’ हे नाव फार प्रिय. योगरत्नाकर, आयुर्वेदरत्नाकर, रसयोगरत्नाकर, बृहद्भैषज्यरत्नाकर ही सर्व नावे परिशिष्टात आहेत. तेथेच निघंटुरत्नाकर आहे आणि बृहन्निघंटुरत्नाकरही. पहिला गोडबोले यांचा, दुसरा दत्तराम चौबे यांचा. ‘बृहत्’ शब्द गाळला की ग्रंथच बदलतो. ‘सर्वरोगचिकित्सारत्न’ आणि ‘सर्वयोगचिकित्सारत्न’ यांत तर केवळ एका अक्षराचे अंतर आहे. परिशिष्टाच्या इंग्रजी पाठात नावे रोमन लिपीत असल्यामुळे ‘रसचंडांशु’ हे नाव कित्येक जण ‘रसचंदनांशु’ असे वाचतात व त्या नावाचा ग्रंथ शोधत हिंडतात. चंडांशु म्हणजे सूर्य. चंदनाचा तेथे काही संबंध नाही.

आधारग्रंथ कळला म्हणजे काम संपले असे नाही, मूळ पान पाहावेच लागते. सितोपलादि चूर्णाचेच घ्या. चरकाच्या चिकित्सास्थानात ते आठव्या, राजयक्ष्म्याच्या अध्यायात येते. शार्ङ्गधरात मध्यमखंडाच्या सहाव्या अध्यायात, चूर्णकल्पनेत येते. पहिल्या ठिकाणी व्याधीचा अधिकार आहे आणि दुसऱ्या ठिकाणी कल्पनेचा. वेष्टनावर एक ग्रंथ आणि दुसऱ्याचा अध्याय छापला गेला तर तो संदर्भ अस्तित्वातच नाही. समान नावाच्या योगांत धोका अधिक. नारदीय लक्ष्मीविलासात सोने नाही. त्याच नावाच्या दुसऱ्या पाठात सुवर्णभस्म आहे. किंमत, मात्रा, परवाना सर्वच त्यावर ठरते. रसयोगसागर अशा नामसाधर्म्याचे पाठ एकाखाली एक देतो, त्यामुळे अनुभवी ग्रंथपाल नुसत्या नावावर थांबत नाहीत. ‘घटक कोणते धरले आहेत?’ असे ते उलट विचारतात. हा प्रश्न कित्येकांना आगाऊपणाचा वाटतो. आमच्या मते तो त्यांच्या कामाचा कळस आहे.

चरकाचे अध्यायक्रमांक हाही असाच एक खाचखळगा. चिकित्सास्थानातील पहिल्या आठ अध्यायांनंतर मुंबईच्या व बंगालच्या मुद्रितांत अध्यायांचा क्रम सारखा नाही. निर्णयसागर प्रतीत अर्शचिकित्सा चौदावी. गंगाधर कविराजांच्या जल्पकल्पतरु टीकेसह छापलेल्या प्रतीत तसे नाही. म्हणून ‘च. चि. १४’ एवढे लिहून भागत नाही, कोणती प्रत हेही हवे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासणाऱ्या ग्रंथपालांना हे तोंडपाठ असते, मार्गदर्शकांना असतेच असे नाही.

एक मर्यादा मात्र ओळखली पाहिजे. ग्रंथपाल पान समोर ठेवतात. पाठभेदातून कोणता पाठ घ्यावयाचा, हा निर्णय वैद्याचा. दूरध्वनीवरून ‘तुम्हीच वाचून सांगा, आम्ही छापतो’ असे म्हणणे दोघांच्याही व्यवसायाला शोभत नाही.

पावसाळ्याचे चार महिने या मेजावर वेगळीच लढाई चालते. दमटपणाने पुठ्ठे फुगतात, बुरशी धरते, कसर लागते, आणि भिंतीला टेकलेल्या कपाटात वाळवी शिरते. वेखंडाच्या पुरचुंड्या पूर्वी पोथ्यांच्या बासनात ठेवीत, त्या आजही काही ग्रंथालयांत दिसतात. पण कपाट भिंतीपासून हातभर दूर ठेवणे आणि वारा खेळता ठेवणे हाच खरा उपाय आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धातील पुष्कळ पुस्तकांचा कागद आम्लामुळे पिवळा व ठिसूळ झाला आहे. अशा पुस्तकाची झेरॉक्स काढताना ते यंत्रावर पालथे दाबले की पाठ मोडते आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावली की काही वर्षांनी पट्टी निघते व डाग राहतो. भ्रमणध्वनीने छायाचित्र घेण्याची सोय झाल्यापासून हा मार थोडा कमी झाला आहे.

याहून मोठा घात मात्र कागदोपत्री होतो. महाविद्यालयाची तपासणी पूर्वी भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद करीत असे, २०२१ पासून भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग करतो. तपासणी आली की ग्रंथसंख्या मोजली जाते, म्हणून अनुदान नव्या पाठ्यपुस्तकांच्या अनेक प्रतींवर खर्च होते. दुसरीकडे दहा वर्षांत कोणी न मागितलेली, कडा झडलेली जुनी आवृत्ती ‘निरुपयोगी’ ठरवून निर्लेखनाच्या यादीत जाते. ग्रंथपालाचे पद रिकामे असेल आणि किल्ल्या लिपिकाकडे असतील तर ती यादी वाचून अडविणारा कोणी नसतो. मग मराठी भाषांतरासह छापलेला एखादा रसग्रंथ रद्दीच्या भावाने जातो आणि तीच प्रत पाहण्यासाठी फार्मसीचा माणूस दुसऱ्या जिल्ह्यात जातो.

हा साठा सांभाळण्यापलीकडे ग्रंथपाल काय करू शकतो, याचे उदाहरण आपल्याच पुण्यात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील वैद्यक हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची १९३९ साली प्रसिद्ध झाली. तेथील हस्तलिखितांचे चार दशके अभिरक्षक असलेले प. कृ. गोडे यांनी पोथ्यांच्या नोंदी जुळवीत कित्येक वैद्यकग्रंथांचे काळ ठरविणारे निबंध लिहिले. ते वैद्य नव्हते.

आपल्या सभासदांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. घरातील वडीलधाऱ्या वैद्यांचा संग्रह द्यावयाचा असेल तर पोती भरून दारात ठेवू नयेत. आधी यादी पाठवावी, कारण चालू पाठ्यपुस्तकाची चौथी प्रत ग्रंथालयाला नको असते, आणि हस्तलिखित योगांची वही मात्र हवी असते. पुस्तकांच्या समासातील टिपा खोडू नयेत. आणि फार्मसीच्या मालकांनी पाठाची प्रत घेताना त्या पानाबरोबर शीर्षकपान व त्याच्या पाठीमागील पानही घ्यावे, म्हणजे आवृत्ती, संपादक व वर्ष ही तिन्ही हाताशी राहतात; कागदाच्या कोपऱ्यात ग्रंथालयाचे नाव व दाखल अंक लिहून ठेवावा, कारण पुढे तेच पान पुन्हा मागितले जाण्याचा संभव असतो.