प्रिंटर शेअरिंग

एका संगणकाला थेट जोडलेला प्रिंटर त्याच नेटवर्कवरील इतर संगणकांना वापरता यावा यासाठी खुला करून देण्याच्या पद्धतीस प्रिंटर शेअरिंग किंवा सामायिक मुद्रण असे म्हणतात. ज्या प्रिंटरला स्वतःचा नेटवर्क पत्ता नसतो आणि जो केवळ यूएसबी केबलने, पूर्वीच्या काळी पॅरलल पोर्टने, एखाद्या संगणकाशी जोडलेला असतो, त्यास स्थानिक प्रिंटर म्हणतात. असा प्रिंटर शेअर केला की तो ज्या संगणकाला जोडला आहे, तो संगणक कार्यालयातील इतरांसाठी मुद्रण सर्व्हर बनतो. हा बदल प्रिंटरमध्ये नव्हे तर संगणकाच्या भूमिकेत होतो. या पद्धतीच्या सोयी, अडचणी आणि धोके बहुतांशी यातूनच निर्माण होतात.

पार्श्वभूमी

प्रिंटर सामायिक वापरण्याची गरज प्रथम त्याच्या किमतीमुळे भासली. १९८४ मध्ये बाजारात आलेल्या एचपी लेझरजेटची अमेरिकेतील किंमत ३,४९५ डॉलर होती, तर १९८५ मधील ॲपल लेझररायटरची ६,९९५ डॉलर. प्रत्येक मेजावर असे यंत्र ठेवणे कोणत्याही कार्यालयास परवडणारे नव्हते. लेझररायटर ॲपलटॉक या नेटवर्कवर स्वतःच जोडला जात असे. त्यामुळे अनेक मॅकिंटॉश संगणक मधल्या कोणत्याही संगणकावाचून त्यावर छपाई करू शकत. आयबीएम पीसी आणि तत्सम संगणकांचे प्रिंटर मात्र पॅरलल पोर्टवर चालत. त्यांना नेटवर्कवर आणण्यासाठी कोणता तरी संगणक मध्यस्थ म्हणून लागे. नॉव्हेलच्या नेटवेअर प्रणालीत हे काम स्वतंत्र सर्व्हर करीत असे.

ऑक्टोबर १९९२ मध्ये आलेल्या विंडोज फॉर वर्कग्रुप्स ३.१ या आवृत्तीने ही सोय सामान्य मेजावरील संगणकाला दिली आणि स्वतंत्र सर्व्हर न घेता शेजारच्या टेबलावरील प्रिंटर वापरणे लहान कार्यालयांना शक्य झाले. युनिक्सच्या जगात बर्कली येथे विकसित झालेली एलपीडी ही पद्धत त्याआधीपासूनच रूढ होती. ऑगस्ट १९९० मध्ये तिचे वर्णन आरएफसी ११७९ या दस्तऐवजात नोंदविण्यात आले.

कार्यपद्धती

छपाईची आज्ञा दिल्यावर दस्तऐवज थेट प्रिंटरकडे जात नाही. प्रथम ड्रायव्हर ही आज्ञावली पानांचे रूपांतर प्रिंटरला समजणाऱ्या भाषेत करते. ही भाषा पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल असू शकते, अथवा त्या उत्पादकाची स्वतःची. तयार झालेले काम नेटवर्कवरून यजमान संगणकाकडे पोहोचते, तेथे स्पूलर नावाची सेवा ते डिस्कवर साठवून रांगेत लावते आणि प्रिंटर मोकळा होताच त्याच्याकडे सोपविते. पाठविणाऱ्याचा संगणक त्यामुळे लगेच मोकळा होतो. दोघांनी एकाच क्षणी आज्ञा दिली तरी त्यांची पाने एकमेकांत मिसळत नाहीत, हे या रांगेचेच काम आहे.

यजमान संगणक बंद असेल किंवा निद्रावस्थेत गेला असेल, तर प्रिंटर चालू आणि सुस्थितीत असूनही इतरांना तो ऑफलाइन दिसतो. त्या संगणकावर बसणारी व्यक्ती रजेवर गेली की सर्वांची छपाई थांबते, ही तक्रार या व्यवस्थेइतकीच जुनी आहे. विंडोजच्या सामान्य, म्हणजे सर्व्हर नसलेल्या आवृत्त्यांवर एकाच वेळी बाहेरून जोडल्या जाणाऱ्या संगणकांची संख्याही मर्यादित असते. विंडोज एक्सपी प्रोफेशनलमध्ये ती १० होती; विंडोज ७ आणि पुढील आवृत्त्यांत ती २० आहे.

रांगेशी गोपनीयतेचाही प्रश्न निगडित आहे. विंडोजमधील शेअर केलेल्या प्रिंटरची रांग उघडली असता दस्तऐवजाचे नाव आणि तो पाठविणाऱ्याचे नाव दोन्ही दिसतात. वेतनवाढीची यादी किंवा कारणे दाखवा नोटीस अशा नावाची फाइल छपाईस पाठविली, तर तिचा मजकूर नव्हे तरी तिचे अस्तित्व सर्वांस कळू शकते. छपाई पूर्ण झाल्यावर स्पूल फाइल सहसा पुसली जाते. परंतु अडकून पडलेली कामे डिस्कवर तशीच राहतात, आणि छापलेले दस्तऐवज जतन करण्याचा पर्याय निवडलेला असेल तर पूर्ण झालेली कामेही राहतात.

विंडोजमधील मांडणी

यजमान संगणकावर प्रिंटर प्रॉपर्टीजमधील शेअरिंग या भागात जाऊन प्रिंटर शेअर करता येतो व त्यास एक नाव देता येते. नाव लहान आणि रिकाम्या जागा नसलेले ठेवणे सोयीचे ठरते, कारण इतर संगणकांवर त्याचा पत्ता दोन उलट्या तिरक्या रेषा, यजमान संगणकाचे नाव, आणखी एक उलटी तिरकी रेषा आणि प्रिंटरचे नाव अशा क्रमाने लिहावा लागतो. संगणकाच्या नावाऐवजी आयपी पत्ता वापरता येतो. मात्र राउटरने तो पत्ता बदलल्यास जोडणी तुटते.

मांडणी बिनचूक असूनही प्रिंटर सापडत नसेल, तर अनेकदा कारण नेटवर्कच्या वर्गीकरणात असते. विंडोज प्रत्येक नेटवर्कला खासगी किंवा सार्वजनिक मानते आणि सार्वजनिक नेटवर्कवर शेअरिंगच्या विनंत्या फायरवॉलकडून अडविल्या जातात. अशा वेळी संपूर्ण फायरवॉल बंद करण्याची सवय अनेक कार्यालयांत आढळते. ती अनावश्यक आहे. नेटवर्क खासगी ठरवून फाइल व प्रिंटर शेअरिंगपुरता नियम चालू केल्यास काम भागते. पासवर्डची मागणी होत असल्यास पासवर्ड संरक्षण काढून टाकण्यापेक्षा यजमान संगणकावर छपाईसाठी वेगळे, मर्यादित अधिकारांचे खाते उघडणे इष्ट. प्रिंटर शेअर केल्यावर छपाईचा अधिकार मूलतः 'एव्हरीवन' या गटाला मिळतो, तोही हवा तेवढ्याच व्यक्तींपुरता मर्यादित करता येतो.

लिनक्स आणि मॅकओएस

या दोन्ही प्रणाली कप्स या मुद्रण व्यवस्थेवर अवलंबून आहेत. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये तिच्या विकासास आरंभ केला. ॲपलने २००२ मध्ये मॅक ओएस टेनच्या १०.२ या आवृत्तीत ती स्वीकारली. कप्समध्ये संगणकांचा संवाद आयपीपी या प्रोटोकॉलने, सामान्यतः ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर होतो. विंडोज संगणकांनी वापरलेल्या एसएमबी प्रोटोकॉलशी जुळवून घेण्यासाठी लिनक्सवर सांबा ही प्रणाली उपलब्ध आहे. अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पामुळे लिनक्स यजमानाला जोडलेला प्रिंटर विंडोजवर इतर कोणत्याही शेअर केलेल्या प्रिंटरसारखाच दिसतो.

सुरक्षा

विंडोजमधील स्पूलर सेवा संगणकावरील सर्वोच्च अधिकारांनिशी चालते आणि शेअरिंग सुरू असताना नेटवर्कवरून आलेल्या विनंत्या स्वीकारते. हा संयोग धोकादायक असल्याचे २०१० मध्ये स्टक्सनेट या संगणकीय किड्याने दाखवून दिले. इराणच्या नतांझ येथील युरेनियम समृद्धीकरण यंत्रणेवरील हल्ल्याशी जोडल्या गेलेल्या या किड्याने प्रसारासाठी जे मार्ग वापरले, त्यांत स्पूलरमधील एक दोष होता. ज्या संगणकावर प्रिंटर शेअर केलेला असे, तेथे या दोषाद्वारे बाहेरून फाइल लिहिता येत असे. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१० मध्ये तो दुरुस्त केला.

जून २०२१ अखेरीस प्रिंटनाइटमेअर या नावाने ओळखला जाणारा दोष उघड झाला. प्रिंटर ड्रायव्हर बसविण्याच्या सोयीचा गैरफायदा घेऊन सामान्य खात्याचा वापरकर्ताही दुसऱ्या संगणकावर आपली आज्ञावली सर्वोच्च अधिकाराने चालवू शके. नेहमीच्या मासिक वेळापत्रकाची वाट न पाहता मायक्रोसॉफ्टने ६ जुलैपासून दुरुस्ती देण्यास सुरुवात केली आणि १० ऑगस्टच्या अद्यतनाने ड्रायव्हर बसविण्यास प्रशासकाची परवानगी मूलतः आवश्यक केली.

याचा परिणाम लहान कार्यालयांना थेट जाणवला. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अद्यतनाने मुद्रण जोडणीचे कठोर प्रमाणीकरण सक्तीचे केले, तेव्हा अनेक ठिकाणी काल चालणारा शेअर केलेला प्रिंटर आज जोडला जाईनासा झाला. पडद्यावर '११बी' ने संपणारा त्रुटी क्रमांक दिसू लागला. रजिस्ट्रीतील एक मूल्य शून्य करावे, असा उपाय तेव्हा मोठ्या प्रमाणात प्रसृत झाला. त्याने प्रिंटर चालू होतो. पण ज्या दोषासाठी हे प्रमाणीकरण आणले गेले, तोच पुन्हा खुला होतो. यजमान आणि इतर सर्व संगणक अद्ययावत करणे, तसेच ड्रायव्हर प्रशासकाच्या खात्यातून प्रत्येक संगणकावर आधीच बसविणे हा अधिक वेळ घेणारा, परंतु योग्य मार्ग आहे. जेथे छपाई होतच नाही अशा संगणकांवर स्पूलर सेवा बंद ठेवता येते.

लिनक्सही यास अपवाद नाही. नेटवर्कवरील प्रिंटर आपोआप शोधणाऱ्या कप्स-ब्राउझ्ड या घटकातील गंभीर दोष सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

पर्याय आणि मर्यादा

इथरनेट किंवा वाय-फाय असलेला प्रिंटर थेट नेटवर्कला जोडल्यास यजमान संगणकाची गरज उरत नाही. आज असे प्रिंटर सहज उपलब्ध असल्याने नव्या खरेदीत शेअरिंगवर विसंबण्याचे कारण फारसे राहिलेले नाही. तीन-चार संगणकांचे कार्यालय, आधीपासून असलेला यूएसबी प्रिंटर, किंवा पावत्यांच्या कार्बन प्रती काढण्यासाठी वापरात असलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अशा ठिकाणी मात्र ही पद्धत आजही उपयुक्त ठरते.

जुना प्रिंटर लहान प्रिंट सर्व्हर उपकरणाला किंवा राउटरच्या यूएसबी पोर्टलाही जोडता येतो. काही स्वस्त प्रिंटर पानाची आखणी स्वतः न करता ते काम संगणकातील ड्रायव्हरवर सोपवितात आणि त्याच्याशी सतत दुतर्फा संवादाची अपेक्षा ठेवतात. असे प्रिंटर या उपकरणांवर नीट चालतीलच असे नाही.

बहुउपयोगी यंत्रांच्या बाबतीत आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. शेअरिंगने केवळ छपाईची सोय मिळते. त्याच यंत्रातील स्कॅनर इतर संगणकांना उपलब्ध होत नाही; त्यासाठी यजमान संगणकावर स्कॅन करून ती फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवावी लागते.