न घेतलेले पान

खानदेशात पत्ते ठाऊक नसलेले घर विरळाच. परंतु मेंढीकोट काय, झब्बू काय, कॅट बावन्न पानांचा ठरलेला; हाती आलेली पाने लढवावयाची, इतकेच आपले काम. हल्ली तरुण मंडळी संगणकावर नि फोनवर पत्त्यांचा एक निराळाच प्रकार खेळतात. त्यात कॅटच खेळता खेळता रचावा लागतो. (पैसे लावून खेळावयाच्या ज्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली, त्यांच्याशी आईबापांनी याची गल्लत करू नये.)

हा प्रकार रूढ केला तो डोनाल्ड व्हॅकरिनो यांच्या २००८ सालच्या 'डोमिनियन' या बैठ्या खेळाने. आम्ही येथे घेतो तो 'स्ले द स्पायर'. अँथनी जिओव्हानेट्टी व केसी यानो या दोघांचा हा खेळ २०१९ साली पूर्णत्वास आला. त्यातील आयर्नक्लॅड या योद्ध्यापाशी आरंभी १० पाने असतात : ५ वाराची, ४ बचावाची आणि एक मोठ्या घावाचे. दर डावाला ५ पाने हाती येतात. न खेळलेली पाने डाव संपताच टाकावी लागतात. रमीसारखी धरून ठेवता येत नाहीत. गड्डी संपली की टाकलेली पाने पिसून पुन्हा घ्यावयाची. लढाई जिंकली म्हणजे तीन नवी पाने समोर येतात. त्यांतील एक घ्यावे, किंवा एकही घेऊ नये.

नवखेपणी आम्ही प्रत्येक वेळी घेतले. फुकटचे कोण सोडतो? कॅट तीस पानांचा झाला आणि आम्ही सपाटून हरलो. हिशेब साधा आहे. दहा पानांत घावाचे पान पहिल्याच हातात येण्याची शक्यता निम्मी; तिसांत ती सहावा हिस्सा. तोवर शत्रू थांबत नाही. आपल्याकडे केळीच्या खोडाभोवती फुटलेली पिले शेतकरी कापून टाकतो, नाही तर घडाला जोर मिळत नाही. त्यातलाच हा प्रकार.

म्हणून वाटेत दुकानदार भेटला की मुरलेला खेळाडू पुष्कळदा नवे पान न घेता ७५ मोहरा मोजून जुने वाराचे पान काढून टाकतो. पुढल्या खेपेस हाच दर २५ मोहरांनी चढतो.

मात्र पहिल्या काही लढायांत कंजुषी नको. वाराचे पान अवघ्या ६ गुणांची इजा करते. तेवढ्यावर निभाव लागत नाही. तेव्हा आधी दोन-तीन सणसणीत हल्ल्याची पाने घ्यावी आणि मग हात आखडावा. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी कोण बलाढ्य शत्रू उभा आहे, हे नकाशावर आरंभीच दिसते. हे पान त्याच्यापुढे चालेल काय, एवढे स्वतःला विचारावे. शिवाय शत्रूच्या डोक्यावर त्याचा पुढील बेत दाखविलेला असतो. तो हल्ला करणार नसेल, तर बचावावर शक्ती खर्चणे व्यर्थ.

परवा आम्ही मनोऱ्याच्या माथ्याशी पोहोचलो, तेव्हा कॅटमध्ये २१ पाने होती आणि वाराचे त्यांत एकच उरले होते.