भोपळ्याचे फळ कसे धरते?

परसू आणि भोपळ्याचा वेल यांचे नाते फार जुने आहे. मृगाचा पाऊस पडला, की विहिरीच्या कडेला किंवा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ एक आळे करून त्यात चार बिया टोचल्या जातात. पाहता पाहता वेल कुडावर चढतो, तेथून गोठ्याच्या छपरावर पसरतो आणि मोठमोठ्या पिवळ्या फुलांनी ते छप्पर शोभू लागते. घरातील मंडळी फळाची वाट पाहू लागतात. पण पुष्कळदा त्यांच्या पदरी निराशाच येते. आरंभीची सारी फुले गळून जातात. पुढे लिंबाएवढी फळे दिसू लागतात, तीही पिवळी पडून देठापासून सुटतात. मग कोणी म्हणते, वेलाला दृष्ट लागली. कोणी म्हणते, कोवळ्या फळाकडे बोट दाखवले म्हणून ते कुजले. कोणी तर वेल वांझ ठरवून तो उपटूनच टाकतो. वास्तविक दोष दृष्टीचा नसतो, बोटाचा नसतो आणि बहुधा वेलाचाही नसतो. फळ कसे धरते हे ठाऊक नसल्यामुळे एका निरोगी वेलावर अन्याय होतो, इतकेच.

भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन जातींची फुले येतात. एक नरफूल आणि दुसरे मादीफूल. ती ओळखणे मुळीच कठीण नाही. नरफुलाचा देठ लांब व सडपातळ असतो. फुलाच्या मध्यभागी एकच दांडा दिसतो आणि त्याला बोट लावले असता पिवळी भुकटी बोटाला चिकटते. हेच पराग होत. मादीफुलाचा देठ आखूड व जाड असतो आणि पाकळ्यांच्या खाली सुपारीएवढा इवलासा भोपळा आधीपासूनच असतो. त्याच्या पोटात असंख्य सूक्ष्म बीजांडे असतात. मादीफुलाच्या मध्यभागी जाड, चिकट पाळ्या असतात. त्यांना कुक्षी म्हणतात. वेल प्रथम बहुधा नरफुलेच धरतो, मादीफुले मागाहून येतात. म्हणून पहिली फुले गळाली, तर त्यात काळजी करण्यासारखे काही नाही. नरफुलाला फळ यावयाचे नसतेच.

नरफुलातील पराग मादीफुलाच्या कुक्षीवर पोहोचले, तरच त्या इवल्या भोपळ्याची वाढ होते. न पोहोचल्यास तो दोन-चार दिवसांत पिवळा पडून गळतो. एका बीजांडाचे बी होण्यासाठी एक परागकण लागतो. एका भोपळ्यात शेकडो बिया असतात, म्हणजे शेकडो परागकण कुक्षीवर पडावे लागतात. ते अपुरे पडले, तर फळ धरूनही एका अंगाने फुगते, दुसऱ्या अंगाने खुरटते आणि वेडेवाकडे होते. ज्या फळाकडे बोट दाखविले ते गळाले, की ती गोष्ट लोकांच्या मनात राहते. बोट दाखवूनही जे टिकले, त्याची आठवण कोणी ठेवत नाही. अशा रीतीने समजुती रूढ होतात.

हे पराग वाहून नेतो कोण? भोपळ्याचे पराग जड व चिकट असल्यामुळे वारा ते उडवून नेऊ शकत नाही. हे काम मधमाश्या आणि भुंगे करतात. मकरंदाच्या लोभाने त्या नरफुलात शिरतात, अंगभर पराग माखून घेतात आणि तशाच मादीफुलात जातात. लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपार होण्यापूर्वीच मिटते. तेवढ्या अवधीत माशी आली नाही, तर ते मादीफूल वाया जाते. श्रावणातील झडीत माश्या पोळ्याबाहेर पडत नाहीत. म्हणून त्या दिवसांत फळे अधिक गळतात.

वनस्पतींतही नर-मादी असा भेद असतो, हे जर्मनीतील कामेरारियस या विद्वानाने १६९४ साली प्रयोगांच्या आधारे मांडले. पुढे १७९३ साली स्प्रेंगेल या त्याच देशातील शिक्षकाने ग्रंथ लिहून फुले व कीटक यांचा हा परस्परसंबंध उलगडून दाखविला. त्याच्या हयातीत त्या ग्रंथाची फारशी कदर झाली नाही. आज मात्र ते ज्ञान जगभरच्या बागाइतीच्या उपयोगी पडत आहे.

माश्या येत नसतील, तर त्यांचे काम माणसाला स्वतःच्या हाताने करता येते. सूर्योदयाच्या सुमारास नुकतेच उमललेले नरफूल देठासह खुडावे. त्याच्या पाकळ्या अलगद काढून टाकाव्यात आणि मधला परागाने भरलेला दांडा मादीफुलाच्या कुक्षीवर सर्व बाजूंनी हळुवार फिरवावा. एका नरफुलाने दोन-तीन मादीफुलांचे काम भागते. फूल पावसाने भिजलेले नसावे. दुधी भोपळ्याची पांढरी फुले मात्र सायंकाळी उमलतात. त्यांच्याकडे रात्रीचे पतंग येतात. तेव्हा दुधीसाठी हेच काम तिन्हीसांजेला करावे.

ही युक्ती दिसावयास क्षुल्लक. पण अशाच एका युक्तीने एका बेटाचे भाग्य पालटले. मेक्सिकोतील व्हॅनिलाचा वेल हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर लावला गेला होता. तो फुलत असे, पण त्याला शेंगा धरत नसत. कारण त्याचे पराग वाहणारे मायदेशीचे कीटक तेथे नव्हते. १८४१ साली एदमाँ नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने एक बारीक काडी आणि अंगठा यांच्या साहाय्याने त्या फुलात पराग लावून दाखविला. त्याच्या त्या कृतीवर पुढे व्हॅनिलाची मोठी लागवड उभी राहिली. एदमाँला मात्र तिचा लाभ मिळाला नाही. तो दारिद्र्यातच वारला. आजही मायदेशाबाहेरील व्हॅनिलाची फुले बहुतांशी हातानेच फळवावी लागतात.

फळ धरल्यावरही वेलाची निगा राखावी लागते. आळ्यात चांगले कुजलेले शेणखत घालावे. परंतु युरियासारखे नत्रयुक्त खत बेसुमार दिले, तर वेल पानांनीच माजतो आणि फळांकडे पाठ फिरवितो. पाणी नियमित द्यावे, पण मुळाशी तुंबू देऊ नये. जमिनीवर टेकलेल्या फळाखाली गवताची चुंबळ ठेवावी, म्हणजे ते ओलीने सडत नाही. फळमाशी नावाची एक माशी कोवळ्या फळाला टोचून सालीखाली अंडी घालते आणि त्या अळ्यांमुळे फळ आतून नासते. फूल सुकताच फळावर कागदाची किंवा विरळ कापडाची पिशवी बांधावी. किडलेली फळे उकिरड्यावर न टाकता खोल पुरावी. भजी करण्यासाठी फुले तोडावयाची असतील, तर नरफुलेच तोडावी आणि त्यांतीलही काही वेलावर राखून ठेवावी.

सर्वांत मोठी दक्षता औषधाच्या फवाऱ्याविषयी घ्यावयास हवी. कीड दिसताच भर सकाळी उमललेल्या फुलांवर विषारी औषध मारले, की किडीबरोबर मधमाश्याही मरतात. असा बागाइती आपल्याच फळांचे दार आपल्या हाताने बंद करतो. भोपळ्याचा वेल माणूस लावतो, माती त्याला पोसते, पाऊस त्याला वाढवितो. परंतु त्याला फळ द्यावयाचे, तर एका चिमुकल्या माशीने सकाळी त्याच्या दारी यावे लागते. तिची वाट मोकळी ठेवणे हे बाग राखणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.