उष्णता व थंडीची अनुभूती

उष्णता व थंडीची अनुभूती म्हणजे सभोवतालच्या हवामानामुळे माणसाला होणारी गरम, गार किंवा सुखद अशी जाणीव होय. ही जाणीव केवळ तापमापकावरील आकड्यावर अवलंबून नसते. हवेतील आर्द्रता, वारा, ऊन, पेहराव, शारीरिक श्रम आणि अंगवळणी पडलेले हवामान या सर्वांचा तिच्यावर परिणाम होतो. त्यामुळे एकाच तापमानाचा दिवस एका प्रदेशातील लोकांना आल्हाददायक, तर दुसऱ्या प्रदेशातील लोकांना असह्य वाटू शकतो.

शरीरशास्त्रीय आधार

निरोगी माणसाच्या शरीराचे आंतरिक तापमान सुमारे ३७° सेल्सियस असते. त्वचेचे तापमान सामान्यतः त्याहून काही अंशांनी कमी असते. त्वचेतील चेतातंतूंच्या टोकांवर तापमानाला प्रतिसाद देणारी प्रथिने असतात. यांपैकी एक प्रथिन मिरचीतील कॅप्सेसिन या तिखट घटकामुळेही उद्दीपित होते, तर दुसरे पुदिन्याच्या जातीतील वनस्पतींमधील मेंथॉलमुळे. म्हणूनच तिखट खाल्ल्यावर तोंड भाजल्यासारखे आणि मेंथॉलने गार वाटते. तापमान व स्पर्श यांच्या ग्राहींच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्वचेला तापमानापेक्षा तापमानातील बदल अधिक तीव्रतेने जाणवतो. एक हात गरम व दुसरा गार पाण्यात काही वेळ ठेवून नंतर दोन्ही हात कोमट पाण्यात बुडवले, तर तेच पाणी पहिल्या हाताला गार आणि दुसऱ्याला गरम लागते. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकात या अनुभवाची चर्चा केली होती.

हवामानाशी जुळवणी

उष्ण हवेत रोज काही काळ श्रम केल्यास साधारण एक ते दोन आठवड्यांत शरीर तिच्याशी जुळवून घेते. घाम लवकर व अधिक प्रमाणात येऊ लागतो, घामातून जाणारे क्षार कमी होतात, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि त्याच कामासाठी हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा कमी पडतात. ही जुळवणी कायमची नसते. उष्णतेशी संपर्क तुटल्यास ती काही आठवड्यांत ओसरते. उन्हाळ्याच्या आरंभीची पहिली लाट धोकादायक ठरण्याचे हे एक कारण आहे. थंडीशी होणारी शारीरिक जुळवणी त्यामानाने मर्यादित असते. थंड प्रदेशातील लोकांचे रक्षण मुख्यतः कपडे, घराची रचना आणि शेकोटी किंवा तापक यांमुळे होते.

आर्द्रता व वारा

घामाचे बाष्पीभवन होताना शरीरातील उष्णता बाहेर पडते. हवा दमट असेल तर घाम सुकत नाही आणि शरीर थंड होण्याची क्रिया मंदावते. त्यामुळे मुंबई किंवा कोकणपट्टीत ३४° तापमानालाही जिवाची घालमेल होते. विदर्भात उन्हाळ्यात हवा कोरडी असल्याने घाम चटकन सुकतो. पण तापमान ४५° च्या आसपास गेल्यावर गरम वारा शरीराला उलट तापवतो आणि शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. मराठीत या दोन अनुभवांसाठी 'उकाडा' आणि 'झळा' असे वेगळे शब्द रूढ आहेत. थंडीत वारा त्वचेलगतचा उबदार हवेचा थर वाहून नेतो, म्हणून तेच तापमान अधिक बोचरे वाटते.

प्रादेशिक निकष

उष्णतेच्या लाटेची व्याख्या सर्वत्र सारखी नाही. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार कमाल तापमान मैदानी प्रदेशात किमान ४०°, किनारपट्टीवर ३७° आणि डोंगराळ भागात ३०° झाल्यावरच लाटेचा विचार होतो. सोबत ते सरासरीपेक्षा किमान ४.५° ने जास्त असावे लागते. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४५° वर गेल्यास सरासरीशी तुलना न करताही लाट मानली जाते. याउलट ब्रिटनमध्ये सलग तीन दिवस कमाल तापमान २५° ते २८° या, जिल्ह्यानुसार ठरलेल्या, मर्यादेपर्यंत पोहोचले की उष्णतेची लाट मानतात. नागपूरकरांना मे महिन्यात दिलासा वाटेल असे हे तापमान आहे. ब्रिटनमध्ये ४०° चा टप्पा प्रथम जुलै २०२२ मध्ये ओलांडला गेला.

आरोग्यावरील परिणाम

थंड प्रदेशांतील अनेक घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली असल्याने उष्णतेच्या लाटेत ती तापतात. युरोपातील २००३ च्या उन्हाळ्यात सुमारे ७०,००० अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे होते.

तथापि, सवय म्हणजे पूर्ण संरक्षण नव्हे. उष्णता सहन होते असे वाटत असतानाही शरीराचे आंतरिक तापमान वाढत राहू शकते आणि ते ४०° च्या वर गेल्यास उष्माघात होऊन मृत्यू ओढवू शकतो. शेतमजूर, बांधकाम कामगार आणि पत्र्याच्या घरांत राहणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१० मधील तीव्र लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा लागू केला. पूर्वसूचना, पिण्याच्या पाण्याची सोय आणि रुग्णालयांची तयारी यांवर त्यात भर आहे. नंतर देशातील इतर शहरांनीही असे आराखडे तयार केले. अशा उपाययोजनांत धोक्याची पातळी लोकांना काय वाटते यावरून नव्हे, तर स्थानिक तापमान व आरोग्यविषयक नोंदींवरून ठरवली जाते.