आय-सेव्हन घेतला की झालं?

स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये शेंद्र्यात सुरू झाला, पुढे शेजारीच ऑरिक उभं राहिलं. त्यांच्या आजूबाजूला टूलरूमवाले, फिक्श्चरवाले, पॅनेलवाले असा पसारा वाढत गेला. इथली कामं तऱ्हेतऱ्हेची, पण लॅपटॉप घ्यायला शहरात गेलेल्या माणसाची मागणी एकच: “आय-सेव्हन दाखवा.”

आय-सेव्हन म्हटल्यावर फक्त श्रेणी कळते, वेग कळत नाही. २०१६चा आय-सेव्हन ७५००यू दोन कोअरचा होता आणि वर्षभराने आलेला आय-फाइव्ह ८२५०यू चार कोअरचा! सेकंडहँड बाजारात मात्र तो पहिलाच अजून भाव खातो. शिवाय विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून आधी पिढीचा आकडा बघा, मग शेवटचं अक्षर. ‘यू’ कमी विजेवर भागवतो, ‘एच’ जास्त वीज खातो आणि जास्त काम उरकतो.

डिझाइनच्या पोरांचा गैरसमज वेगळा: कॅडसाठी गेमिंग लॅपटॉपच हवा. दिवसभर ऑटोकॅडमध्ये टूडी ड्रॉइंग काढणाऱ्याला प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स सहसा पुरतं. सॉलिडवर्क्समध्ये शेकडो पार्टची असेंब्ली फिरवायची असेल, तर वेगळं कार्ड लागतं, हे खरं. पण एखादं माप बदललं आणि मॉडेल रिबिल्ड व्हायला लागलं, की भार बहुतांशी एकाच कोअरवर येतो. तेव्हा टास्क मॅनेजर उघडून बघा. १६ थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला, तरी एकूण वापर सहा टक्क्यांच्या आसपासच दिसतो. बघणाऱ्याला वाटतं प्रोसेसर रिकामा बसलाय, म्हणजे कार्डच कमी पडतंय. आणि पैसे नेमके नको तिथे जातात. अशा कामाला एका कोअरचा वेग जास्त असलेला प्रोसेसर घ्यावा. दुसरं असं, की सॉलिडवर्क्सवाले कोणती कार्डं आणि ड्रायव्हर तपासलेत त्याची यादी देतात. गेमिंग कार्डं सहसा तिच्यात नसतात. ती चालतात, पण स्क्रीनवर कडा गायब व्हायला लागल्या तर दाद मागायची सोय नाही. आणि मॅकसाठी सॉलिडवर्क्स निघतच नाही, तेव्हा हौस आवरा.

स्टोअर्स किंवा क्वालिटीतल्या माणसाचा लॅपटॉप हँग होतो, तेव्हा दोष बऱ्याचदा रॅमचा असतो. सॅप, मोठी एक्सेल शीट आणि क्रोमचे वीस टॅब एकदम उघडले, की ८ जीबी भरते आणि मशीन डिस्कवर ढकलाढकल करत बसतं. स्लॉट मोकळा असेल तर रॅम वाढवून भागतं. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर नाही. म्हणून हे घेतानाच विचारायचं.

“पातळ आणि अगदी नवीन, म्हणजे भारी” हा समज पीएलसीवाल्याला सगळ्यात महागात पडतो. मशीनचं पॅनेल उघडून एका हातावर लॅपटॉप तोलत तो उभा असतो. जुन्या पीएलसीला सिरीयल पोर्ट, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर बघून सॉफ्टवेअरमध्ये तोच टाकायचा. त्यात लायसन्सचा डोंगल आणि लॅनची केबल. दोनच टाइप-सी पोर्टवर हा संसार कसा मांडणार? स्नॅपड्रॅगनच्या लॅपटॉपची बॅटरी झकास टिकते, पण त्यावरच्या विंडोजला जुने ड्रायव्हर चालत नाहीत. कन्व्हर्टर किंवा डोंगलचा त्यासाठीचा ड्रायव्हर निघालेला नसेल, तर काम तिथेच अडलं.

चार्जर लावून ठेवल्याने बॅटरी ‘ओव्हरचार्ज’ होत नाही, सर्किट ते थांबवतं. तिला खरा त्रास सतत शंभर टक्के भरलेलं राहण्याचा आणि उष्णतेचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नका आणि मशीनमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावायची सोय असेल तर लावा.

राहिला बिलाचा विषय. ऑनलाइन घेतलं तर जीएसटी क्रेडिट मिळत नाही, असं टूलरूमवाले अजून म्हणतात. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणी असलेल्या फर्मने धंद्यासाठी घेतला तर नेहमीच्या अटींवर इनपुट क्रेडिट मिळतं, मग दुकान असो की ऑनलाइन. फक्त ऑर्डर देतानाच फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर टाकायचा.