जुन्या फाँटमधली मराठी मोकळी करताना

1990च्या दशकात आणि नंतरही बरीच वर्षे संगणकावर टाइप झालेली मराठी आज मोबाइलवर उघडली, तर बहुतेक वेळा मराठी दिसतच नाही. दिसते ती इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे आणि अवतरणचिन्हे यांची सरमिसळ. वाचनालयांचे अहवाल, पतसंस्थांची इतिवृत्ते, गावोगावच्या स्मरणिका, दिवाळी अंकांच्या डीटीपी फाइली असा केवढा तरी मजकूर या अवस्थेत पडून आहे. तो हरवलेला नाही. योग्य फाँट असलेल्या जुन्या संगणकावर तो अजून नीट दिसतो. पण त्यात एखादे नाव शोधता येत नाही, तो कुणाला पाठवता येत नाही, आणि तो जुना संगणक बंद पडला की मजकूरही मुका होतो.

माझा पेशा सर्व्हर सांभाळण्याचा. लॉग चाळणे, रात्रीचा बॅकअप पुरा झाला का ते पाहणे, ढीगभर फाइलींची नावे एका पद्धतीत आणणे, असल्या कामांसाठी मी छोट्या छोट्या स्क्रिप्ट लिहितो. काम झाले की त्यांतल्या बहुतेक विसरल्या जातात. तालुक्याच्या वाचनालयाचे जुने अहवाल आणि पुस्तकांच्या याद्या युनिकोडमध्ये आणण्यासाठी लिहिलेली स्क्रिप्ट मात्र मला सर्वांत प्रिय आहे. ती कशी चालते ते इथे सांगतो, कारण हे काम थोडेफार पायथन येणाऱ्या कुणालाही जमण्यासारखे आहे आणि ते करणाऱ्यांची गरजही आहे.

आधी घोळ कुठे आहे ते पाहू. संगणकाच्या पोटात अक्षर नसते, आकडा असतो. कृतिदेव फाँटमध्ये ‘मराठी’ हा शब्द 101, 106, 107, 66, 104 असा साठवला जातो. हे आकडे खरे तर इंग्रजी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच या अक्षरांचे. फाँट तयार करणाऱ्यांनी एवढेच केले, की ई या अक्षराच्या घरात ‘म’चे चित्र ठेवले, जेच्या घरात ‘र’चे, केच्या घरात काना. संगणकाला मराठीचा पत्ताच नव्हता. त्याच्या दृष्टीने ती इंग्रजीच होती, फक्त वेगळ्या वळणाची. आणि प्रत्येक कंपनीच्या फाँटची घरे वेगळी, त्यामुळे एका फाँटमधला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की कचरा.

युनिकोडने देवनागरीला स्वतःची घरे दिली, 2304 ते 2431 अशी 128. तिथे ‘मराठी’ म्हणजे 2350, 2352, 2366, 2336, 2368, आणि फाँट कोणताही असो, हे आकडे बदलत नाहीत. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 साली आली, त्याच वर्षी आपल्याकडे इस्की हे भारतीय मानकही जाहीर झाले. पण विंडोजमध्ये देवनागरीची खरी सोय विंडोज 2000पासून झाली, आणि छापखान्यांतली कामे तर त्यानंतरही कितीतरी वर्षे जुन्याच फाँटवर चालू राहिली. टायपिस्टचा हात तिथे बसलेला होता.

तेव्हा काम सोपे वाटते. एक तक्ता करायचा, डाव्या बाजूला जुने चिन्ह, उजव्या बाजूला युनिकोड, आणि एकेक बदलत जायचे. तक्ता लागतोच. पण तेवढ्याने भागत नाही, आणि का भागत नाही हाच या कामातला गोडीचा भाग आहे.

कृतिदेवची मांडणी रेमिंग्टन टाइपरायटरवरून आलेली. टाइपरायटरवर कळा मोजक्या, म्हणून अक्षरांचे तुकडे करून ते जोडायचे. स्लॅशच्या कळीवर ‘ध्’ आहे, पूर्ण ‘ध’ नाही. पूर्ण ‘ध’ हवा असेल तर त्याच्यापुढे काना दाबायचा, म्हणजे दंड जोडला जातो. ‘थ’, ‘भ’, ‘ख’, ‘घ’, ‘श’, ‘ष’, ‘ण’ यांचेही तसेच. म्हणजे एकच काना कधी ‘आ’चा स्वर असतो, तर कधी नुसती उभी रेघ. तसेच व्ही म्हणजे ‘अ’, व्ही-के म्हणजे ‘आ’, आणि व्ही-के-एस म्हणजे ‘ओ’. स्क्रिप्टने व्ही दिसताच ‘अ’ लिहून टाकला तर पुढे ‘अा’ असे दोन तुकडे पडतात. डोळ्याला ते ‘आ’सारखेच दिसतात, पण शोधताना सापडत नाहीत. म्हणून पहिला नियम असा, की तक्त्यातली सर्वांत लांब नोंद आधी जुळवून पाहायची, मग आखूड.

दुसरा नियम, एकदा बदललेल्या मजकुराला पुन्हा हात लावायचा नाही. कृतिदेवमध्ये अँड या चिन्हावर संयोगचिन्ह आहे, संयोगचिन्हाच्या कळीवर पूर्णविराम आणि पूर्णविरामाच्या कळीवर ‘ण्’. आता तक्त्यातली एकेक ओळ घेऊन सगळ्या मजकुरावर फिरवत गेलात, तर पहिल्या फेरीत अँडचे संयोगचिन्ह झाले, दुसरीत त्याचा पूर्णविराम झाला आणि तिसरीत ‘ण्’. ‘आई-वडील’ यांच्या मधोमध ‘ण्’ उगवतो. यावर उपाय एकाच फेरीचा. मजकुराच्या डावीकडून निघायचे, जुळणारी सर्वांत लांब नोंद उचलायची, उत्तर वेगळ्या जागी लिहायचे आणि पुढे सरकायचे. पायथनमध्ये तक्त्यातल्या सगळ्या नोंदी लांबीच्या उतरत्या क्रमाने एकाच रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये गुंफल्या की हे आपोआप होते.

आता वेलांटी. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, पण म्हणतो नंतर. टाइपरायटर हाताच्या क्रमाने चालतो, युनिकोड उच्चाराच्या. ‘स्थिती’ हा शब्द घ्या. कृतिदेवमध्ये तो वेलांटी, ‘स्’, ‘थ’, ‘त’, दुसरी वेलांटी असा बसतो. तक्त्यातून बाहेर पडल्यावर पहिली वेलांटी शब्दाच्या तोंडाशी लोंबकळत राहते. तिला एक अक्षर ओलांडून ‘स्’च्या पुढे ठेवले तर ‘स्थ’ हे जोडाक्षर फुटते. म्हणून स्क्रिप्टला सांगावे लागते, की वेलांटीपुढे पाय मोडलेली जेवढी व्यंजने असतील तेवढी सगळी आणि त्यांच्यानंतरचे एक पूर्ण व्यंजन ओलांड, आणि तिथे वेलांटी ठेव. मग ‘स्थिती’ जुळते. जोडाक्षर म्हणजे काय, याची इतकी नेमकी व्याख्या मला शाळेतही कधी करावी लागली नव्हती.

रफाराचा प्रवास उलट दिशेने होतो. ‘कार्यालय’ लिहिताना रफार ‘या’च्या डोक्यावर सर्वांत शेवटी येतो, उच्चारात मात्र ‘र’ आधी. फाइलमध्ये ‘का’, ‘य’, काना, रफार, ‘ल’, ‘य’ असा क्रम सापडतो. रफाराने मागे यायचे, काना-मात्रा ओलांडायच्या, मग आख्खे जोडाक्षर ओलांडायचे आणि त्याच्या आधी ‘र्’ होऊन बसायचे. ‘आर्थिक’मध्ये दोन्ही एकत्र येतात: वेलांटी ‘थ’च्या आधी, रफार ‘थ’च्या नंतर. मी आधी वेलांटी पुढे नेतो आणि मग रफार मागे आणतो. हा क्रम पक्का ठेवला की रफाराला फक्त नेहमीची मांडणी समोर दिसते आणि त्याचा नियम सोपा राहतो.

मराठीला एक गोष्ट स्वतंत्रपणे सांभाळावी लागते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. हिंदीसाठी केलेले तक्ते या दुसऱ्या ‘र’कडे दुर्लक्ष करतात, आणि मग ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दात रफार येतो, नाहीतर ‘र’ तुटून पडतो. वाचनालयाच्या अहवालात ‘कर्मचाऱ्यांचे आभार’ हे शब्द दर वर्षी येणारच, तेव्हा हा अपवाद म्हणून सोडून देण्यासारखा नाही. युनिकोडमध्ये हा आडवा ‘र’ दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साध्या ‘र्’पुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवायचे. पडद्यावर दोन्ही एकसारखे, शोधताना दोन वेगळे शब्द. मी सगळीकडे पहिलाच प्रकार वापरतो.

फाइल उघडण्याच्या तांत्रिक भागावर फार रेंगाळत नाही, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. जुनी वर्ड फाइल लिब्रेऑफिसने नव्या डॉक्स प्रकारात बदलून घेतली की आत सरळ एक्सएमएल मिळते, आणि त्यात मजकुराचा प्रत्येक तुकडा कोणत्या फाँटचा आहे ते लिहिलेले असते. ही माहिती सोन्यासारखी आहे. कारण त्याच पानावर एखाद्या इंग्रजी पुस्तकाचे नाव टाइम्स फाँटमध्ये असते, आणि ते तक्त्यातून गेले तर निरर्थक देवनागरी होऊन बाहेर पडेल. काही तुकड्यांवर फाँटचे नाव नसते, तेव्हा परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये जाऊन पाहावे लागते. दुसरे असे, की वर्ड एकाच शब्दाचे कधीकधी दोन तुकडे करून ठेवतो. वेलांटी एका तुकड्यात, तिचे अक्षर दुसऱ्यात. म्हणून एकाच फाँटचे शेजारशेजारचे तुकडे आधी जोडून घ्यायचे, मगच रूपांतर.

एवढे झाल्यावर पाने वाचण्यासारखी होतात, आणि इथेच थांबण्याचा मोह होतो. माझ्या मते खरे काम इथून पुढे सुरू होते. कारण टायपिस्टने पडद्यावर दिसेल तसे टाइप केलेले असते. मात्रा आधी आणि काना नंतर दाबला तरी छापील ‘ो’ सारखाच दिसतो. एकच मात्रा चुकून दोनदा दाबली तर ती स्वतःवरच बसते आणि कुणाच्याही लक्षात येत नाही. असे कितीतरी अदृश्य प्रकार तक्त्याला चकवतात.

ते पकडायला लिपीचेच नियम कामी येतात. शब्दाची सुरुवात काना-मात्रेने होत नाही. एका व्यंजनावर दोन स्वरचिन्हे बसत नाहीत. ‘अ’पुढे सुटा काना येत नाही. असे जिथे घडले असेल ती जागा स्क्रिप्ट वेगळ्या फाइलीत नोंदवते, पान आणि ओळीसकट. मग उरलेले सगळे शब्द हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या मराठी शब्दसंग्रहाशी ताडून पाहते, आणि जे तिथे नाहीत त्यांची यादी किती वेळा आले त्या क्रमाने लावते. ही यादी वाचणे मला मनापासून आवडते. सर्वांत वर तोच तो तुटलेला शब्द पुन्हा पुन्हा दिसला, तर तक्त्यातली एक नोंद चुकली आहे. ती दुरुस्त केली की सगळ्या पानांवरचा तो शब्द एकदम सुधारतो. यादीच्या तळाशी गेलात की मात्र माणसे भेटू लागतात: देणगीदारांची आडनावे, वाड्यांची आणि गल्ल्यांची नावे, पुस्तकांची शीर्षके. ती कुठल्याच शब्दसंग्रहात नसतात.

या तळाच्या शब्दांना स्क्रिप्टने हात लावू नये, असे मी ठामपणे म्हणतो. जवळचा शब्द शोधून आपोआप बदलणे तिला सहज शिकवता येईल. पण मग एखाद्या आडनावाचे दुसरेच आडनाव होईल, आणि ते इतके शुद्ध दिसेल की पुढे कुणाला शंकाही येणार नाही. तुटलेला शब्द निदान आपण तुटलेलो आहोत हे सांगतो. म्हणून स्क्रिप्टने जिथे खात्री आहे तिथेच बदल करावा आणि बाकीचे दाखवून द्यावे. ही नावे वाचनालयातल्या जुन्या माणसांसमोर ठेवली की ती घडाघडा सांगतात.

शुद्धलेखनाचेही तेच. अहवालात जुन्या ठरावांचे उतारे येतात, त्यात ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे 1962च्या नियमांपूर्वीचे अनुस्वार असतात. शब्दसंग्रह त्यांना चूक ठरवतो. ते जसे आहेत तसेच राहिले पाहिजेत. आपण लिपी बदलत नाही की भाषा बदलत नाही, फक्त साठवणीचे आकडे बदलतो आहोत.

तक्त्यात बदल केला की आधीची बरी चाललेली गोष्ट बिघडू शकते. त्यासाठी स्क्रिप्टशेजारी एक छोटी फाइल ठेवली आहे. तिच्यात ‘स्थिती’, ‘धर्म’, ‘कार्यालय’, ‘आर्थिक’, ‘दऱ्या’, ‘दर्या’, ‘आई-वडील’ असे अवघड शब्द जुन्या आणि नव्या रूपात समोरासमोर आहेत. प्रत्येक बदलानंतर आधी ही फाइल तपासली जाते. एक शब्द जरी चुकला तरी स्क्रिप्ट पुढच्या कामाला लागत नाही.

मूळ फाइलींवर ती कधीच लिहीत नाही. वाचनालयाच्या हार्डडिस्कवर आता तीन फोल्डर शेजारी शेजारी आहेत: मूळ फाइली, युनिकोडमधल्या फाइली, आणि तिसऱ्यात स्क्रिप्ट, तक्ता, शंकांची यादी. तक्ता साध्या मजकुराच्या फाइलीत आहे, प्रत्येक नोंदीपुढे ती का घातली याची एक ओळ मराठीत लिहिली आहे. अकृती किंवा श्रीलिपी फाँटमधल्या फाइली घेऊन कुणी आले, तर वेलांटी, रफार आणि तपासणीचा भाग त्यांना जवळजवळ जसाच्या तसा उचलता येईल. बदलावा लागेल तो मुख्यतः तक्ता.